दत्तक पालकत्व, भाग ४ : गृहभेटीपासून बाळ घरी येईपर्यंत

नोंदणी झाली, कागदपत्रे पोर्टलवर चढली, की दत्तक प्रक्रियेतला पहिला माणसांशी गाठ पडणारा टप्पा येतो तो गृहभेटीचा. पालकांनी नोंदणी करताना निवडलेल्या विशेष दत्तक संस्थेची समाजकार्यकर्ती घरी येते आणि त्या भेटीवरून कुटुंबाचा अहवाल तयार होतो. दत्तक नियमावली २०२२ नुसार कागदपत्रे दाखल झाल्यापासून साठ दिवसांत हा अहवाल पूर्ण व्हावा लागतो. त्यासाठी ६,००० रुपये शुल्क आहे आणि अहवाल तीन वर्षे ग्राह्य धरला जातो.

या भेटीची अनेक जोडपी विनाकारण धास्ती घेतात. भिंतींना रंग काढला जातो, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशा बाहेर येतात. त्याची काही गरज नसते. भाड्याच्या वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या कुटुंबांनाही बाळ मिळते. समाजकार्यकर्तीचे लक्ष असते ते दिवसभर बाळाजवळ कोण असेल, नोकरीच्या वेळा काय आहेत, कर्जाचे हप्ते जाऊन महिन्याला हाती काय उरते, अडीअडचणीला धावून येईल असे शेजारीपाजारी किंवा नातलग कोण, याकडे. ती नवरा-बायकोशी एकत्र बोलते आणि वेगवेगळेही बोलते. वेगळ्या बोलण्यात पुष्कळदा खरे चित्र दिसते. एकाची मनापासून तयारी असते आणि दुसरा सासरच्या किंवा माहेरच्या दबावाखाली ‘हो’ म्हणत असतो. कुणाचे वंध्यत्वावरचे उपचार अजून चालू असतात आणि दत्तक हा हाताशी ठेवलेला दुसरा पर्याय असतो. अशा वेळी थोडे थांबून समुपदेशन घ्यावे, असे अनुभवी समाजकार्यकर्त्या सुचवतात. तो सल्ला बाळाच्या आणि त्या जोडप्याच्याही हिताचा असतो.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याशीही बोलणे होते. ‘कुणाचं असेल, कुठल्या जातीचं असेल’ हा प्रश्न बहुधा त्यांच्याकडूनच येतो. त्याचे सरळ उत्तर असे की या प्रक्रियेत जात निवडण्याची सोयच नाही. नोंदणीत वयोगट, आरोग्याची स्थिती, मुलगा की मुलगी आणि राज्य एवढ्यापुरतीच पसंती नोंदवता येते. घरात आधी एखादे मूल असेल आणि ते पाच वर्षांहून मोठे असेल तर त्याची संमतीही घेतली जाते. मुलाला तो दत्तक आहे हे कधी आणि कसे सांगणार, हा प्रश्न तर हमखास येतो. ‘सांगणारच नाही’ हे उत्तर समाजकार्यकर्तीला काळजीत टाकते. बाहेरच्या कुणाच्या तोंडून किंवा भांडणात निसटलेल्या वाक्यातून हे कळलेले मूल आईवडिलांच्या प्रत्येक शब्दावर संशय घेऊ लागते. लहानपणापासून गोष्टीच्या ओघात कळत गेलेल्या मुलाला त्यात धक्का बसण्यासारखे काही उरत नाही.

अहवाल अनुकूल आला की प्रतीक्षा सुरू होते आणि बहुतेकांचा धीर सुटतो तो इथेच. देशभरात प्रतीक्षेतल्या पालकांची संख्या तीस हजारांवर गेलेली आहे. २०२४-२५ या वर्षात देशांतर्गत दत्तक गेलेल्या मुलांची संख्या ४,१५५ होती. सुदृढ आणि दोन वर्षांच्या आतले बाळ हवे असलेल्यांना तीन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते. ज्यांची तयारी मोठ्या वयाच्या, भावंडांसह येणाऱ्या किंवा विशेष गरजा असलेल्या मुलासाठी असते, त्यांची वाट बरीच लवकर संपते. क्रम ठरतो तो नोंदणीच्या तारखेवरून. ओळखीने, शिफारशीने किंवा पैशाने तो पुढे सरकत नाही.

अनाथाश्रमात एवढी मुले दिसतात, मग पालकांना मिळत का नाहीत, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. बालगृहातले प्रत्येक मूल दत्तक देण्याजोगे नसते. अनेकांचे आई किंवा वडील हयात असतात, गरिबीपायी किंवा आजारपणापायी त्यांनी मूल तात्पुरते तिथे ठेवलेले असते. बालकल्याण समितीने ‘दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त’ असे जाहीर केल्याशिवाय कोणतेही मूल पोर्टलवर येत नाही, आणि या जाहीर करण्यामागे बरेच काम असते.

बसस्थानकावर, रुग्णालयात किंवा संस्थेच्या दाराशी ठेवलेल्या पाळण्यात सापडलेल्या बाळाला चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करावे लागते. पोलिसांत नोंद होते, वर्तमानपत्रात फोटोसह जाहिरात येते, आईवडिलांचा शोध घेतला जातो. वर्तमानपत्रातल्या ‘पालकांनी संपर्क साधावा’ अशा मजकुराखालचा तो छोटा फोटो याच शोधाचा भाग असतो. बाळ दोन वर्षांच्या आतले असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत शोध संपवून समितीने निर्णय द्यायचा असतो.

आईने किंवा आईवडिलांनी स्वतः बाळ सोपवले असेल तर रीत वेगळी. समितीपुढे समुपदेशन होते, समर्पणपत्र लिहून घेतले जाते आणि त्यानंतर फेरविचारासाठी साठ दिवसांची मुदत मिळते. या दिवसांत आई परत आली तर बाळ तिचे. वाट पाहणाऱ्या पालकांना हे दोन महिने जाचक वाटतात, पण गोंधळलेल्या, घाबरलेल्या, कित्येकदा एकट्या पडलेल्या आईला मिळणारी ही शेवटची संधी असते आणि ती कुणीही तिच्याकडून काढून घेता कामा नये. तिचे नावही गुप्त राहते. महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले ते विधवांना गुपचूप आणि सुखरूप बाळंत होता यावे म्हणूनच. पुढे एका ब्राह्मण विधवेचे मूल त्यांनी दत्तक घेतले. तोच डॉ. यशवंत फुले.

या सगळ्या वाटेला वळसा घालणारी माणसे भेटतात. एखाद्या नर्सिंग होममधून निरोप येतो, बाळ आहे, स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊ, खर्चाचे तेवढे पाहा. हा मार्ग दत्तकाचा नाही. बालन्याय कायदा २०१५ नुसार विहित प्रक्रियेबाहेर अनाथ, सोडलेले किंवा सोपवलेले मूल देणे-घेणे हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलाच्या खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. शिवाय अशा बाळाची खरी आई उद्या दारात उभी राहिली तर घेणाऱ्यांकडे दाखवायला काही नसते. हिंदू कुटुंबांत भावाचे किंवा बहिणीचे मूल दत्तक घेण्याचा १९५६ च्या कायद्याचा मार्ग निराळा आहे आणि तो वैध आहे. त्याची चर्चा स्वतंत्र भागात येईल.

क्रम आला की पालकांच्या मोबाइलवर संदेश येतो आणि पोर्टलवर एका मुलाची माहिती दिसू लागते. ती तीन गोष्टींत असते : फोटो, बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल. ते मूल राखून ठेवायचे की नाही हे ४८ तासांत कळवावे लागते. फोटोवर नजर खिळते हे स्वाभाविक आहे, पण या ४८ तासांत खरे वाचायचे असते ते वैद्यकीय अहवालात. जन्मवेळचे वजन किती होते आणि आजचे किती, डोक्याचा घेर वयाच्या मानाने वाढतो आहे का, बाळ मान केव्हा धरू लागले, आवाजाकडे वळते का, लसी कोणत्या झाल्या, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीच्या चाचण्यांचे निकाल काय आहेत. हा अहवाल स्वतःच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवण्याची मुभा नियमातच आहे आणि ती जरूर वापरावी. मात्र डॉक्टरांना विचारायचा प्रश्न ‘बाळ शंभर टक्के ठीक आहे का’ असा नसावा. तशी हमी पोटच्या बाळाचीही कुणी देत नाही. आज काय दिसते, पुढे कोणती तपासणी लागेल, उपचार झेपतील का, एवढे समजले की निर्णय घेता येतो. संस्थेतल्या तान्ह्यांचे वजन थोडे कमी असणे किंवा बसायला-रांगायला उशीर होणे पुष्कळदा आढळते. घरचे खाणेपिणे आणि सतत कुणाची तरी कूस मिळू लागल्यावर यातली बरीच मुले झपाट्याने भरून काढतात.

मूल राखून ठेवल्यावर तीस दिवसांत संस्थेत जाऊन भेटायचे असते. तिथे दत्तक समिती बसते. तीत संस्थेचा प्रतिनिधी, डॉक्टर आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा अधिकारी असतो. समिती मूळ कागद तपासते, पालकांशी बोलते. मग मुलाची भेट. तान्हे बाळ अनोळखी कुशीत कळवळून रडू शकते, चार-पाच वर्षांचे मूल पाठ फिरवून बसू शकते. त्यावरून जमणार नाही असा निष्कर्ष काढू नये. मोठ्या मुलाच्या बाबतीत त्याचे मतही विचारले जाते. पालकांनी होकार द्यायचा तो अहवालांवर सही करून.

होकारानंतर दहा दिवसांच्या आत मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी पालकांच्या हवाली केले जाते. बाल संगोपन निधीचे ५०,००० रुपये याच सुमारास भरायचे. पावती घ्यायची आणि याव्यतिरिक्त रोख वा वस्तुरूप देणगी द्यायची नाही, कुणी मागितली तरी नाही. घरी निघण्यापूर्वी बाळाला सांभाळणाऱ्या मावशींशी निवांत बोलून घेणे फार उपयोगी पडते. दूध किती वाजता, बाटलीने की वाटी-चमच्याने, झोपताना थोपटावे लागते की अंगाई लागते, कशाची भीती वाटते, हे कोणत्याही अहवालात नसते. बाळाची रोजची दुपटी आणि एखादे वापरातले खेळणे न धुता बरोबर घ्यावे, कारण ओळखीच्या वासाने नव्या घरातल्या पहिल्या रात्री थोड्या सोप्या जातात.

मूल घरी आले तरी कायद्याने ते अजून त्या पालकांचे झालेले नसते. दत्तक आदेशासाठीचा अर्ज संस्था दहा दिवसांत दाखल करते आणि समाजकार्यकर्ती दोन वर्षे दर सहा महिन्यांनी भेट देत राहते. हा अर्ज, आदेश आणि नवा जन्मदाखला यांचा तपशील पुढील भागात.