ज्ञान : मिळालेले दान, द्यावयाचे दान

पवित्र आत्म्याच्या सात दानांपैकी ‘ज्ञान’ हे एक दान आहे, हे दृढीकरण संस्काराच्या तयारीत आपण शिकतो. दान म्हटले की देणारा आला आणि घेणाराही आला. तरीही आपल्या घरांतून ज्ञानाचा विचार बहुधा परीक्षा, गुण आणि नोकरी यांपाशीच थांबतो. पदवी हाती आली की पुस्तके माळ्यावर जातात. मग ज्ञानाचे खरे मोल कशात आहे? यवतमाळ जिल्ह्यातील दोन उदाहरणांवरून आपण ते पाहू या.

पहिले उदाहरण लोकनायक बापूजी अणे यांचे. माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. काही काळ त्यांनी अमरावतीस शिक्षकाचे काम केले व पुढे यवतमाळ येथे वकिली केली. ते लोकमान्य टिळकांचे निष्ठावंत अनुयायी होते. १९३० साली पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून त्यांनी जंगल सत्याग्रह केला आणि कारावास पत्करला. १९४८ ते १९५२ या काळात ते बिहारचे राज्यपाल होते. एवढ्या धकाधकीतही त्यांनी संस्कृतचा व्यासंग सोडला नाही. उतारवयात त्यांनी टिळकांच्या जीवनावर ‘श्रीतिलकयशोर्णव’ हे संस्कृत महाकाव्य रचले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९७३ साली या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो पाहण्यास ते हयात नव्हते. या अभ्यासातून त्यांना नोकरी मिळवायची नव्हती की बढती. अभ्यास हीच त्यांची उपासना होती.

दुसरे उदाहरण वेदनादायक आहे. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करताना याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा विषबाधेने मृत्यू झाला. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. उंच वाढलेले पीक, दमट उष्मा, अनेक औषधांचे मिश्रण आणि संरक्षक साधनांचा अभाव अशी कारणे पुढे आली. या मृत्यूंचा दोष मृतांच्या अज्ञानावर टाकणे अन्यायाचे होईल. मजुराच्या पाठीवर येतो तो भरलेला पंप. औषधाची बाटली पुष्कळदा त्याच्या दृष्टीसही पडत नाही.

त्या बाटलीवर चौकोनी आकाराचे एक चिन्ह असते. त्याच्या खालच्या भागातील रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याहून कमी पिवळा, मग निळा आणि सर्वांत कमी हिरवा. हिरव्या रंगाचे औषधही विषच असते, हे विसरता कामा नये. विषबाधा झाल्यास कोणता उपचार करावा, हेही वेष्टनावर लिहिलेले असते. म्हणून रुग्णाला दवाखान्यात नेताना ती बाटली किंवा तिचे वेष्टन सोबत न्यावे. हे समजण्यास पदवी लागत नाही. मात्र ती बारीक अक्षरे वाचून कोणीतरी ऐकवावी लागतात.

वरवर पाहता संस्कृत महाकाव्य आणि औषधाचे वेष्टन यांत काहीच साम्य नाही. परंतु शाळा सुटल्यावरही ज्याची वाचनाची सवय टिकून राहते, तोच वेळ आल्यावर दुसऱ्यासाठी वाचू शकतो. पहिले उदाहरण ज्ञान जोपासण्याचे आहे, तर दुसरे ते वेळेवर न पोहोचल्यास काय घडते याचे. जोपासलेले ज्ञान शेजाऱ्यापर्यंत पोहोचले नाही, तर ते आपल्याच घरात अडकून पडते.

आपल्या धर्मग्रामांत शिकलेल्या मुलामुलींची वाण नाही. फवारणीच्या दिवसांत रविवारच्या मिस्सानंतर त्यांनी पाच मिनिटे वेष्टनावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा व रंगांचा अर्थ सांगावा. कर्जाचा कागद, सातबारा, शाळेचा अर्ज हेही याच रीतीने समजावून देता येतील. वडीलधाऱ्यांनी संकोच न करता विचारावे, कारण विचारण्यात कमीपणा नाही. आईवडिलांनीही मुलांना ‘किती गुण मिळाले?’ या प्रश्नासोबत ‘आज कोणाला काय समजावून सांगितलेस?’ असेही विचारावे. ज्ञान आपल्याला दान म्हणून मिळाले आहे. ते पुढे देत राहणे, हेच त्याचे खरे मोल होय.