संगणकाचा आरंभ व डिस्क-विभाजन

विजेचा पुरवठा सुरू झाल्यापासून परिचालन प्रणाली काम करू लागेपर्यंत संगणकात ज्या क्रिया क्रमाने घडतात, त्यांना आरंभ किंवा बूटिंग असे म्हणतात. व्यक्तिगत संगणकात आरंभाच्या दोन पद्धती रूढ झाल्या आणि डिस्कवरील विभागांची नोंद ठेवण्याच्याही दोन. विंडोज प्रणाली ज्या डिस्कवरून सुरू होते, तिच्या बाबतीत या पद्धती ठराविक जोडीनेच चालतात. प्रणाली नव्याने बसविताना ही जोडी जुळली नाही, तर एरवी निर्दोष असलेला संगणक सुरू होत नाही. अशा वेळी डिस्क निकामी झाल्याचा समज होऊन ती पुसून टाकण्याकडे कल असतो. वस्तुतः तिच्यावरील माहिती तोपर्यंत बहुधा शाबूत असते.

जुनी पद्धती आयबीएम कंपनीच्या १९८१ मधील व्यक्तिगत संगणकापासून चालत आली. तीत मुख्य मंडलपट्टावरील बायॉस नावाची कायम आज्ञावली डिस्कवरील पहिला ५१२ बाइटांचा खंड स्मृतीत आणते व त्यातील आज्ञांकडे नियंत्रण सोपविते. १९८३ मध्ये डॉस प्रणालीच्या २.० या आवृत्तीबरोबर या खंडाला मास्टर बूट रेकॉर्ड (एमबीआर) हे रूप मिळाले. त्यात आरंभाच्या आज्ञांनंतर ६४ बाइटांची विभाजन सारणी असते व तीत चारच विभागांच्या नोंदी मावतात. प्रत्येक नोंदीत विभागाचे आरंभस्थान व लांबी ३२ बिटांत लिहिली जात असल्याने, ५१२ बाइटांच्या खंडांनी बनलेल्या डिस्कचा सु. २.२ टेराबाइटांपलीकडील भाग या सारणीच्या आवाक्यात येत नाही.

नवी पद्धती इंटेल कंपनीने १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात इटॅनियम प्रक्रियकांसाठी हाती घेतलेल्या कामातून निघाली. २००५ पासून ती यूईएफआय या नावाने अनेक उत्पादकांच्या मंडळाकडे आहे. येथे पहिल्या खंडातील आज्ञा चालविल्या जात नाहीत. फॅट पद्धतीने आखलेल्या एका लहान विभागातील आरंभ-फाइल वाचली जाते आणि त्या फाइलीचा ठावठिकाणा मंडलपट्टावरील स्थायी स्मृतीत नोंदलेला असतो. हिच्या जोडीची जीपीटी ही विभाजन सारणी ६४ बिटांची असून तीत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते. सारणीची एक प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते, ही जुन्या पद्धतीत नसलेली मोठीच सुरक्षितता होय. जुन्या उपकरण-आज्ञावल्यांनी डिस्क रिकामी समजू नये म्हणून पहिल्या खंडात एक संरक्षक एमबीआर नोंदही राखलेली असते.

घोटाळ्याचे मूळ संक्रमणकाळात आहे. अनेक वर्षे संगणक दोन्ही पद्धतींनी सुरू होऊ शकत होते. अशा संगणकाच्या आरंभ-यादीत विंडोज बसविण्याची एकच यूएसबी दांडी दोनदा दिसते : एकदा यूईएफआय या शब्दासह व एकदा त्याविना. निवडलेल्या नोंदीनुसार पुढील सर्व काम त्या पद्धतीने होते. यूईएफआयने सुरू झालेली स्थापना एमबीआर डिस्क नाकारते आणि बायॉसने सुरू झालेली जीपीटी डिस्क नाकारते. स्थापना पूर्ण झाल्यावरही मंडलपट्टावरील विद्युत् घट संपून मांडणी मूळपदावर आली व त्यात पद्धती बदलली, तर आरंभ-साधन सापडत नसल्याचा संदेश येतो. म्हणून निदानाची सुरुवात पद्धती ओळखण्यापासून करावी. चालू विंडोजमध्ये ‘एमएसइन्फो३२’ ही आज्ञा आरंभाची पद्धती दाखविते. स्थापनेच्या पडद्यावर शिफ्ट व एफ१० या कळी एकत्र दाबून आज्ञा-चौकट उघडता येते व तेथे ‘डिस्कपार्ट’मधील ‘लिस्ट डिस्क’ या आज्ञेने मिळणाऱ्या कोष्टकात जीपीटी डिस्कपुढे तारांकन असते.

डिस्क जीपीटी असेल, तर यूईएफआय नोंद निवडून पुन्हा आरंभ करणे एवढाच उपाय बहुधा पुरतो. विंडोज असलेली एमबीआर डिस्क बदलायची असल्यास २०१७ मधील विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन उपलब्ध आहे. ते माहिती न पुसता रूपांतर करते; मात्र प्राथमिक विभाग तीनपेक्षा अधिक असल्यास किंवा विस्तारित विभाग असल्यास ते चालत नाही. रूपांतरानंतर मांडणीत यूईएफआय निवडणे आवश्यक असते. याउलट ‘डिस्कपार्ट’मधील रूपांतराला रिकामी डिस्क लागते, म्हणून त्याआधी ‘क्लीन’ ही आज्ञा सुचविली जाते. ती विभागांच्या नोंदी पुसते व डिस्कचा क्रमांक चुकल्यास भलतीच डिस्क तिच्या तडाख्यात सापडते. ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा तर प्रत्येक खंडावर शून्ये लिहिते. त्यानंतर माहिती परत मिळत नाही. कोणत्याही बदलापूर्वी माहितीची प्रत आणि डिस्क बिटलॉकरने सांकेतिक केलेली असल्यास तिची पुनर्प्राप्ती-किल्ली हाताशी हवी.

दोन डिस्क असलेल्या संगणकात आणखी एक दोष आढळतो व तो बराच उशिरा ध्यानात येतो. विंडोज नव्या डिस्कवर बसते, पण आरंभ-फाइली जुन्या डिस्कवरील आरंभ-विभागातच ठेवल्या जातात. पुढे जुनी डिस्क काढली की, नवी सुरू होत नाही. नव्या डिस्कवर आरंभ-विभाग तयार करून ‘बीसीडीबूट’ या आज्ञेने त्या फाइली पुन्हा निर्माण करता येतात. स्थापनेच्या वेळी इतर डिस्क विलग ठेवणे अधिक सोपे. लिनक्सही असलेल्या संगणकात पुनर्स्थापनेनंतर ती नाहीशी झाल्यासारखी वाटते. यूईएफआय पद्धतीत पुष्कळदा केवळ आरंभक्रम बदललेला असतो.

स्थापनेत डिस्क मुळीच दिसत नसेल, तर दोष विभाजनाचा नसून बहुधा डिस्क-नियंत्रकाच्या चालक आज्ञावलीचा असतो. विंडोज ११ (२०२१) साठी यूईएफआय ही अधिकृत अट ठरल्यामुळे जुन्या एमबीआर डिस्कांच्या रूपांतराचा प्रश्न अनेक संगणकांपुढे नव्याने उभा राहिला.