एअर रायफल घेण्याआधी

ज्वारी, मका हुरड्यात आला की अक्कलकुवा, धडगावकडे पोपटांचे थवे उतरतात. रात्री रानडुकरं येतात. मग स्वस्तातल्या एअर रायफलची चौकशी सुरू होते. शस्त्र नियम, 2016 नुसार 4.5 मिमी नळी आणि 20 जूलपर्यंतची ताकद असेल तर परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 200 मीटर वेगानं सुटला, तर ताकद भरते 10 जूल. नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल सर्वांत स्वस्त, आणि निशाण्याच्या सरावाला तेवढी पुरते.

पण बंदुकीला परवाना नको म्हणजे शिकारीला मोकळीक, असा अर्थ कोणी काढू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार पोपट, ससा, तितर मारणं गुन्हा आहे. रानडुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. शिवाय छर्ऱ्यानं ते मरत नाही, जखमी होऊन माणसावर उलटतं. राहिले उंदीर-घुशी, त्यांना पिंजरा आणि घुबडांसाठी शेतात रोवलेले पक्षिथांबे बरे. पाखरांना माचाणावरची गोफण आजही पुरेशी आहे. नुकसान झालंच, तर पंचनाम्यासाठी वनखात्याकडे ताबडतोब अर्ज करा.