ज्याचा डेटा, त्याचीच परवानगी

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे: माहिती तंत्रज्ञान आणि राजकारण यांवरचं संशोधन छापून येतं कसं, आणि ते तपासतं कोण? तेव्हा एका निवडणुकीपासूनच सुरुवात करू.

२ नोव्हेंबर २०१०. अमेरिकेत काँग्रेसची निवडणूक होती. त्या दिवशी फेसबुक उघडणाऱ्या सुमारे ६ कोटी प्रौढांना एक पट्टी दिसली: आज मतदान आहे, केंद्र इथे शोधा, मत दिलं असेल तर हे बटण दाबा. सोबत, बटण दाबून मोकळे झालेल्या मित्रांचे काही चेहरे. सुमारे ६ लाख जणांना तीच पट्टी चेहऱ्यांशिवाय दिसली आणि साधारण तेवढ्याच लोकांना काहीच दाखवलं नाही. अमेरिकेत मतदानाला कोण आलं याच्या नोंदी मिळू शकतात (मत कोणाला दिलं याच्या नव्हे बरं का). त्यांच्याशी जुळवणी करून संशोधकांनी अंदाज बांधला, की त्या संदेशामुळे सुमारे ३ लाख ४० हजार मतं जास्त पडली. नुसत्या माहितीने जवळपास काही हललं नाही. काम केलं ते चेहऱ्यांनी. २०१२ साली हा निबंध ‘नेचर’मध्ये आला. लेखकांत विद्यापीठातले संशोधक होते, तसेच फेसबुकचे कर्मचारीही.

आता आमच्या विषयाची रीत बघा. ‘जर्नल ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी अँड पॉलिटिक्स’सारख्या नियतकालिकाकडे निबंध गेला, की संपादक तो याच क्षेत्रातल्या दोन-तीन जणांकडे परीक्षणाला पाठवतात. त्यांची नावं लेखकाला कळत नाहीत. ते पद्धत बघतात, शंका काढतात. पण सगळी आकडेमोड पुन्हा करून पाहणारा परीक्षक विरळाच. खरी तपासणी पुढे होते, दुसरं कोणी दुसरीकडे तेच करून बघतं तेव्हा. इथेच घोडं अडतं. ६ कोटी लोकांवरचा प्रयोग पुन्हा करायचा, तर तो फेसबुकच करू शकतं.

२०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण उघडकीला आलं. त्या वादात लोकांची माहिती एका विद्यापीठीय संशोधकाच्या अ‍ॅपमधून गेली होती. झालं! कंपन्यांनी दारं लावायला सुरुवात केली, आणि त्यात प्रामाणिक संशोधकही बाहेर राहिले. तोडगा म्हणून ‘सोशल सायन्स वन’ ही व्यवस्था उभी राहिली. तिच्यामार्फत फेसबुकने लिंकविषयीचा प्रचंड डेटा अटींवर दिला. त्यावर अभ्यास सुरू झाले. २०२१ मध्ये इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठातल्या एका संशोधकाला फेसबुकच्याच एका जाहीर अहवालाशी आकडे जुळेनात. कंपनीने चूक मान्य केली: अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या वापरकर्त्यांचा डेटा त्यात आलाच नव्हता. आम्हाला यातली चूक फारशी खटकत नाही, चुका होतात. खटकतं ते हे, की शेजारी ठेवायला दुसरा कागद होता म्हणून ती सापडली.

पुढे ट्विटरने संशोधकांना दिलेला मोफत प्रवेश २०२३ मध्ये बंद झाला. सार्वजनिक पोस्टचा माग काढण्याचं क्राउडटँगल हे साधन मेटाने १४ ऑगस्ट २०२४ ला बंद केलं. युरोपने मात्र २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यात संशोधकांना डेटा मागण्याचा हक्क दिला. पण तो युरोपातल्या धोक्यांच्या अभ्यासापुरता!

मग आपल्याकडे काय? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवण्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार केलं. अशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. तिने नेमका किती फरक पडला, हे बाहेरच्या माणसाने मोजायचं कसं? संदेश कूटबद्ध असतात, आणि किती फॉरवर्ड झाले ते आकडे कंपनीकडे.

एक वाट आहे. लोकांनाच विचारायचं: तुमच्या ग्रुपमधले संदेश अभ्यासाला द्याल का? नावं, नंबर पुसून टाकायचे. भारतात असे अभ्यास झालेले आहेत. पण संमती देतो एक सभासद, आणि ग्रुपमध्ये असतात दोनशे. उरलेल्या एकशे नव्व्याण्णव जणांना विचारलं कोणी? यावर आमच्यातच एकमत नाही. तेव्हा आता तुमचे प्रश्न घेऊ, आणि याच मुद्द्यापासून घेऊ.