मुक्या तारेचे भाडे

घरातील दूरध्वनी महिनाभर वाजला नाही, तरी त्याचे भाडे भरावेच लागे. असे का बरे? प्रत्येक घरापासून दूरध्वनी-केंद्रापर्यंत तांब्याच्या तारांची एक जोडी केवळ त्या घरासाठी राखलेली असे. कोणी बोलो वा न बोलो, ती सांभाळण्याचा खर्च चुकत नसे. म्हणूनच मुंबईत १८८२ साली दूरध्वनी-केंद्र सुरू झाले, तरी पुढील शंभर वर्षे घरचा दूरध्वनी थोड्याच कुटुंबांना लाभला.

इतरांची निकड तारेने भागे. शब्द वाढले की पैसे वाढत. म्हणून सुखदुःखाची वार्ता मोजक्या शब्दांत बसवावी लागे. ही तारसेवा २०१३ साली बंद झाली.

१९८० नंतर गावोगावी सार्वजनिक दूरध्वनीची दुकाने निघाली. तेथे एकाच तारेवरून दिवसभर अनेक माणसे बोलत. त्यामुळे भाड्याचा भार एका घरावर न पडता सर्वांत वाटला जाई. परगावी बोलण्याचा दर रात्री उतरे. तेव्हा आईचा आवाज ऐकण्यासाठी परगावी शिकणारी मुले रांगेत तिष्ठत उभी राहत.

भारतात १९९५ साली भ्रमणध्वनी आला. त्याला घरोघर तार नको. एक मनोरा अनेकांना पुरतो. तरीही प्रारंभी आलेला निरोप ऐकण्याचेही पैसे पडत. २००३ साली ते थांबले आणि गरिबाच्या घरीही दूरचा आवाज पोहोचू लागला.

एकट्याला न पेलणारे साधन अनेकांनी वाटून घेतले, की ते सर्वांचे होते.