एका भूमीचे अनेक धनी

जमीन ज्याची, तिच्यावरील गवत, पाणी आणि तिच्या पोटांतील धनहि त्याचेंच, असा सामान्य समज असतो. अमेरिकेंतील वायोमिंग संस्थानांत, ग्रीन नदीच्या वरच्या खोऱ्यांत, हा समज टिकत नाहीं. विंड रिव्हर पर्वतांत उगम पावलेली ही नदी पुढें कोलोरॅडो नदीस मिळते. खोऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ७,००० फूट. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकांठीं १०-१२ इंचच पाणी पडतें; तेव्हां या प्रदेशास उंचावरील वाळवंटच म्हटलें पाहिजे.

तेथील गुरें पाळणारे लोक, पर्वतावरील बर्फ वितळूं लागलें म्हणजे, पाटांनीं कुरणें भिजवितात आणि हिवाळ्याच्या बेगमीसाठीं गवत कापून ठेवतात. ज्यानें पाणी आधीं वापरलें त्याचा हक्क आधीं, हा तेथील कायदा. टंचाईंत मागाहून आलेल्याचा पाट प्रथम बंद होतो. कुरणांत मुरलेलें पाणी सर्वच वायां जातें असें मात्र नाहीं. त्याचा बराच भाग हळूहळू पाझरून पुनः नदीस मिळतो. उन्हाळ्यांत गुरें परवान्यानें सरकारी रानांत चरतात.

भूगर्भाचा न्याय निराळाच आहे. १९१६ च्या कायद्यानें गुरें पाळण्यासाठीं ज्या जमिनी लोकांस देण्यांत आल्या, त्यांतील खनिजें सरकारनें स्वतःकडे राखून ठेविलीं. म्हणून अशा ठिकाणीं वरचें गवत एकाचें, तर खालचा वायु दुसऱ्याचा. १९९० नंतरच्या काळांत, पाणी व वाळू मोठ्या दाबानें आंत घालून खोल खडकास भेगा पाडण्याच्या युक्तीमुळें, जोना आणि पाइनडेल या क्षेत्रांतून नैसर्गिक वायु विपुल निघूं लागला. हीं क्षेत्रें बहुतांशीं सरकारी जमिनीवरच आहेत.

याप्रमाणें पाणी, गवत व वायु यांची वांटणी कागदावर झाली. हवेची कोणी केली नव्हती. २००८ च्या हिवाळ्यांत तेथील हवेंत ओझोन इतका वाढला कीं, मुलें व वृद्ध यांनीं घराबाहेर श्रम करूं नयेत, असे इशारे द्यावे लागले. ओझोन हा एरवीं मोठ्या शहरांतील उन्हाळ्याचा उपद्रव. येथें मात्र विहिरींतून व यंत्रांतून सुटलेले वायु जमिनीलगतच्या थंड हवेंत कोंडले जातात. वरचा उबदार थर त्यांस उठूं देत नाहीं. बर्फावरून परतलेल्या उन्हानें सूर्यप्रकाशाचें बळ वाढतें, आणि त्या वायूंपासून ओझोन बनतो. २०१२ मध्यें मध्यवर्ती सरकारनें हा प्रदेश ओझोनची ठरीव मर्यादा ओलांडणारा म्हणून जाहीर केला. पुढें वायूची गळती रोखण्याचे नियम कडक करण्यांत आले.

पाटाचा धनी, गुरांचा धनी व विहिरीचा धनी यांचे हक्क निरनिराळे असले, तरी ते श्वास एकाच हवेंत घेतात, हें त्या खोऱ्यास उशिरां उमगलें.