रायगडाच्या कड्यावरचा ढग

पावसाळ्यात हिरकणीवाडीतून वर पाहिलं, तर रायगड बहुतेकदा अर्धाच दिसतो. ८२० मीटर उंचीचा माथा ढगात बुडालेला आणि खालचा काळा, निथळता कडा तेवढा उघडा. अरबी समुद्रावरचं बाष्प सह्याद्रीला अडून वर चढतं, थंड होतं, त्याचे ढग होतात. रायगड, वरंधा आणि महाबळेश्वरच्या डोंगरांवर पडलेलं पाणी काळ, गांधारी आणि सावित्रीतून महाडकडे धावतं.

कड्याला टेकणारा हा ढग मुळात ठेंगणा. पावसाळ्यात साधारण पाच किलोमीटर उंचीवर पाणी गोठू लागतं. या ढगाचा माथा त्याच्या खालीच राहतो. आत बर्फ नाही. थेंबाला थेंब मिळतो आणि पाऊस पडतो. कोकणातली झड ती हीच. दिवसच्या दिवस चालते, पण फारसा गडगडाट नाही. भाताची लावणी आणि वरकसातली नाचणी-वरी या झडीवरच बेतलेली आहे.

आता बदल होतो आहे तो या ढगाच्या पिंडात. कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातले एस. अभिलाष आणि त्यांचे सहकारी यांनी २०२२ मध्ये मांडलं, की पश्चिम किनाऱ्यावरचा पाऊस अधिकाधिक उंच, गडगडाटी ढगांतून पडू लागला आहे. असे ढग बारा-पंधरा किलोमीटर चढतात आणि दिवसभराचं पाणी दोन-तीन तासांत ओततात. अरबी समुद्र तापतो आहे, आणि हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं, की गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या.

आभाळाची नोंद ठेवायच्या जुन्या पद्धती मला फार आवडतात. वेधशाळेतला निरीक्षक आकाशाचे मनाने आठ भाग करतो आणि त्यातले किती झाकले ते लिहितो. उन्हासाठी काचेचा भरीव गोळा असतो. ऊन असेल तेवढा वेळ मागची पुठ्ठ्याची पट्टी जळत जाते, ढग आला की जळणं थांबतं. देशातल्या २० केंद्रांवरच्या १९८८ ते २०१८ च्या सूर्यप्रकाशाच्या नोंदी तपासून २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पश्चिम किनाऱ्यावरचं ऊन दर वर्षी सरासरी साडेआठ तासांनी घटलेलं आढळलं. कारण दाट ढग, आणि हवेतले प्रदूषणाचे सूक्ष्म कणही. पावसाळ्यात ही घट ठळक आहे.

पण याच रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये पारा ४६.५ अंशांवर गेला होता. तेव्हा नुसतं ‘आभाळ वाढलं’ म्हणून भागत नाही. ते कोणत्या महिन्यात, किती उंच आणि किती वेळ, हे पाहावं लागतं.

एका दिवसाचा पाऊस हवामानबदलाच्या माथी मारता येत नाही. डोंगर खचण्यात उतार, माती आणि माणसाने केलेली खोदाई यांचाही वाटा असतो. तरी जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडींनी घेतलेले दीडशेहून अधिक बळी आणि २२ जुलै २०२१ ला तळिये गावात गाडली गेलेली ऐंशीहून अधिक माणसं सावित्रीच्या या खोऱ्यातला कोणी विसरू शकत नाही. दोन्ही वेळा नक्षत्र पुष्य होतं. आपले लोक पुष्याच्या पावसाला म्हातारा पाऊस म्हणतात. तोवर दीड महिन्याच्या पावसाने जमीन तुडुंब झालेली असते आणि खडकावरची माती जड होऊन सुटायला टेकलेली असते. वर एखादी जोरदार सर पुरते.

तळिये खचलं त्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आकडा प्रचंड आहे. पण तो दिवसाचा आहे आणि घाटमाथ्यावरचा आहे. दरडीचा प्रश्न तासाच्या पावसाचा आणि त्याच उताराचा असतो. ७ जुलै २०२४ ला रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट आले, पर्यटक अडकले, आणि तेही थोड्या वेळात घडलं. महसूल मंडळागणिक एक स्वयंचलित हवामान केंद्र या खोऱ्याला पुरणार नाही. इथे एका डोंगराच्या दोन बाजूंना दोन वेगळे पाऊस पडतात. हिरकणीवाडीसारख्या कड्याखालच्या प्रत्येक वाडीत पर्जन्यमापक हवा, त्याचा आकडा जुलैत तासातासाला वाचणारं माणूस हवं, आणि किती मिलिमीटरला घरं सोडायची हे मे महिन्यातच ग्रामसभेत ठरलेलं हवं.